पिल्लांचं उष्टावण आणि राणीचं गुरगुरणं

पत्र असं आलंय:

"ताई, आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली राणी व्यायली. गल्लीतलीच कुत्री आहे पण मी रोज खायला घालते म्हणून माझीच झालीये. पाच पिल्लं, आज २६ दिवसांची. पावसाचं पाणी आत यायला लागलं म्हणून सेक्रेटरींच्या हातापाया पडून सगळ्यांना मीटर रूमच्या बाजूच्या खोपच्यात हलवलं. आता पिल्लं प्यायला आली की राणी गुरगुरते, मध्येच उठून चालती होते, परवा तर खाल्लेलं सगळं त्यांच्या पुढ्यात ओकली आणि मी फडका आणेपर्यंत पिल्लांनी ते खाऊनही टाकलं! मी दूध-चपाती कुस्करून द्यायला लागले तर दोघांना जुलाब. एक पिल्लू, बारक्या म्हणतो आम्ही त्याला, बाकीच्यांच्या निम्मा आहे. सासूबाई म्हणतात श्रावणात घरात चिकन-बिकन शिजणार नाही, शेजारच्या मावशी म्हणतात राणीला कडुलिंबाचा लेप लाव दूध आपोआप सुटेल, आणि तळमजल्यावरचे काका दहा दिवसांनी गणपतीला गावी जाताना एक पिल्लू घेऊन जाणार म्हणतात. राणी आजारी आहे का? पिल्लांना टाकतेय का? आणि दूध नक्की कधी तोडू?"

अगं, आधी श्वास घे. राणी आजारी नाही आणि पिल्लांना टाकतही नाहीये, ती तिचं काम एकदम टायमात करतेय. दूध तोडायचं काम तुझं नाहीच मुळी, ते तिने सुरू केलंय, तुला फक्त तिच्या मागे मागे ताटली घेऊन तयार राहायचंय.

बघ, साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लांचे दुधाचे दात यायला लागतात, सुईसारखे टोकदार, तुझ्या बोटाला चावून बघितलंच असेल कोणीतरी. आता असे पाच जण एकदम पोटाला लागले, वर पुढच्या पंजांनी मळल्यासारखं करत नखं रुतवतात, तर कोण गुरगुरणार नाही? ती उभ्या उभ्या पाजायला लागेल, मग दोन मिनिटांत झटकून निघून जाईल, एखाद्याच्या तोंडावर दात दाखवेल पण चावणार नाही. हे सगळं नॉर्मल. उलट यातूनच पिल्लं शिकतात की किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं. तू मध्ये पडून राणीला ओरडू नकोस, आणि तिला जबरदस्तीने आडवी पाडून पिल्लं लावू नकोस, हे मी मुद्दाम सांगतेय कारण प्रेमापोटी लोक अगदी हेच करतात. करायचंच असेल तर एक कर, नेलकटरने पिल्लांच्या नखांचं फक्त पुढचं टोक काप, दर आठवड्याला. नखाच्या आत गुलाबी नस दिसते तिच्या लांबच राहा, काळी नखं असतील तर अगदी केसाएवढंच. राणी त्याच दिवशी जास्त वेळ पाजायला बसेल बघ.

ओकण्याचं पण तेच. लांडगे, रानकुत्रे सगळे करतात, बाहेर जाऊन खाऊन यायचं आणि अर्धवट मऊ झालेलं पिल्लांपुढे काढायचं. पिल्लं आईच्या तोंडाचे कोपरे चाटतात ना, ते लाडबीड नसतं गं, ते "काढ काढ" असतं. म्हणजे तू दूध-चपातीचा घाट घातलास त्याच सुमाराला राणीनेच पिल्लांचं उष्टावण उरकून टाकलं, सोन्याची अंगठी आणि खीर राहिली एवढंच! घाण वाटलं तरी पुसायला धावू नकोस. हां, पण ती दिवसातून चार-पाच वेळा ओकतेय, पिवळं पाणी पडतंय, खात नाहीये, कोपऱ्यात पडून आहे असं असेल तर तो आजार, मग डॉक्टर. आणि एक बघ, ती बाहेर काय खाऊन येते. भांडुपच्या मार्केटमागे माशांचे काटे, कोंबडीची हाडं मिळतात, तीच पिल्लांसमोर आली तर घशात अडकतील. म्हणून ती भुकेली बाहेर जाणार नाही एवढं बघ, तिला इथेच पोटभर घाल.

आता तुझ्या दूध-चपातीकडे येते. जुलाब त्यानेच झालेत असं मी जवळजवळ पैजेवर सांगते. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की दूध-चपाती हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की विचारायची सोय नाही. कुत्रीच्या दुधात फॅट साधारण ९ टक्के आणि प्रोटीन ७-८ टक्के असतं, आपल्या पिशवीतल्या गाईच्या दुधात फॅट साडेतीन-चार आणि प्रोटीन तीनच्या आसपास. म्हणजे जे लागतं ते निम्म्याहून कमी, आणि जी दुधातली साखर त्यांना पचत नाही, ते लॅक्टोज मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. मग पोट बिघडणारच ना. आणि लोक काय करतात, दूध जड पडतंय म्हणून त्यात पाणी घालतात, म्हणजे उरलंसुरलं पोषण पण गेलं. चपातीने पोट भरतं, वाढ होत नाही. बिस्किटांचं तेच, आणि सेरेलॅक माणसाच्या बाळांसाठी बनवलेलं असतं, पिल्लांना मांस खाणाऱ्या प्राण्याला लागतं तसं प्रोटीन लागतं. आजपासून गाईम्हशीचं दूध पूर्ण बंद, ते बंद केल्यावर एक-दोन दिवसांत शी घट्ट व्हायला लागली पाहिजे.

पण जुलाबात एक रेषा आहे ती नीट समजून घे. पिल्लू पळतंय, आईला पितंय, शी फक्त पातळ आहे, तर लक्ष ठेव. पण शीमध्ये रक्त दिसलं, किंवा सडका वास, किंवा उलट्या, किंवा पिल्लू मलूल पडलंय आणि हिरड्यांना बोट लावल्यावर ओल्या गुळगुळीत न लागता चिकट लागतायत, तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. एवढ्या लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं, आणि पार्वो (आतड्याचा जीवघेणा व्हायरस) असेल तर वाट बघण्यात पिल्लू हातचं जातं. घरातली लूज मोशनची माणसांची गोळी अर्धी-पाव करून अजिबात द्यायची नाही. जवळ प्राण्यांचा डॉक्टर नसेल तर भांडुपहून स्लो लोकल पकड आणि परळला उतर, तिथे बाई साकरबाईंचं हॉस्पिटल आहे, रिक्षा-टॅक्सीवाल्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हटलं की कळतं, त्याच आवारात १८८६ सालचं व्हेटर्नरी कॉलेज पण आहे. पिल्लांना खोक्यात टॉवेल घालून ने, गर्दीची वेळ सोडून, आणि तिथे कोणालाही जमिनीवर उतरवू नकोस कारण तिथे आजारीच कुत्रे येतात.

मग द्यायचं काय? दुकानात "स्टार्टर" नावाचं पपी फूड मिळतं, ड्रूल्सचं आहे, रॉयल कॅनिनचं आहे, बारीक दाणे असतात. छोटं पाकीट घे, पावसाळ्यात मोठं पाकीट उघडं राहिलं की वास लागतो, बुरशी येते. एक वाटी दाणे, तीन वाट्या कोमट पाणी (उकळून गार केलेलं), अर्धा तास झाकून ठेव, मग मिक्सरला फिरव किंवा पळीने घोट. पहिले दोन-तीन दिवस पातळ पिठल्याइतकं सैल हवं. हाताच्या मनगटावर थेंब टाकून बघ, गरम नाही, गारही नाही. सासूबाईंना सांग की पाकीट मीटर रूममध्ये राहील, वेगळा डबा, वेगळी पळी, आणि तुमच्या गॅसवर काहीही शिजणार नाही, फक्त पाणी तापेल. श्रावण संपला की बिनहाडाचं चिकन उकडून, बारीक कुस्करून, मऊ भात आणि थोडा लाल भोपळा घालून खिमट करता येईल, मीठ-मसाला-कांदा-लसूण काहीही नाही. पण फक्त चिकन-भातावर पिल्लं वाढवू नकोस, त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि वाढत्या हाडांना ते लागतं, स्टार्टर चालूच ठेव.

वाटी नको, पसरट ताटली घे, स्टीलची, कमी काठाची, आणि पाच जणांना दोन तरी. खोल वाटीत पिल्लू तोंडासकट बुडतं. पहिल्यांदा बोटावर घेऊन ओठाला लाव, चाटलं की बोट हळूहळू ताटलीकडे ने. नाक धरून ताटलीत दाबायचं नाही, नाकातून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, पिल्लं अशी खरंच मरतात. सिरिंजने उताणं धरून घशात सोडणं पण त्याच कारणाने नको. एखादं पिल्लू पहिल्या दिवशी नुसतं ताटलीत चालून जाईल, पायाला लागलेलं भावंडं चाटतील, कानाला, शेपटीला, सगळीकडे लागेल. चालू दे. शेवटी ओल्या कोमट फडक्याने पुस, नाहीतर मुंग्या लागतात, आणि अंग कोरडं कर, ह्या दमट हवेत ओलं पिल्लू लगेच गारठतं.

वेळेचं सांगायचं तर राणी फेरी मारायला बाहेर जाते ना, ती परत यायच्या आधीची वेळ गाठ, तेव्हा पिल्लं भुकेली असतात. ती समोर असेल तर एक तर पिल्लं तिच्याकडे धावतील नाहीतर ती स्वतः ताटली साफ करेल. सुरुवातीला दिवसातून दोनदा, पोटाला मानवलं की चारदा. अर्ध्या तासात उरलेलं उचल. मुंबईच्या पावसाळ्यात भिजवलेलं अन्न तासाभरात आंबतं आणि खोपच्यात कावळे, उंदीर, घुशी जमा होतात. उंदराच्या मुतातून लेप्टो (पावसाळ्यातला तो ताप, लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, पिल्लांनाही आणि आपल्यालाही, त्यामुळे ताटल्या रात्री तिथे सोडायच्या नाहीत, पाण्याचं भांडं रोज घासायचं. पाणी मात्र आत्तापासून ठेव, उथळ भांड्यात.

पाचव्या आठवड्यात पाणी कमी करत ने, सहाव्यात नुसते भिजवलेले मऊ दाणे, सातव्या-आठव्यात कोरडे चावता येतील. तोपर्यंत राणीचं दूध बंद करायचं नाही, रात्री ती त्यांच्याजवळच राहू दे, प्यायचं तेवढं पिऊ देत. आठ आठवडे होईपर्यंत बहुतेक आपोआप सुटतं.

कडुलिंबाच्या लेपाचं मावशींना प्रेमाने नाही सांग. पिल्लांच्या पोटात कडुलिंब, राणी स्वतः चाटणार तिच्या पोटात कडुलिंब, आणि पाच पिल्लांनी एका दिवशी पिणं थांबवलं तर दूध आत साचून आचळं दगडासारखी होतात, सूज येते, पू होतो. रोज एकदा हात लावून बघ. एखादं आचळ गरम, कडक, लालसर-जांभळं लागलं, तिला हात लावू देईना, ताप वाटला, तर डॉक्टर. दूध पिळून काढायच्या भानगडीत पडू नकोस, पिळलं की अजून येतं.

खरं तर मला पिल्लांपेक्षा राणीची जास्त काळजी वाटतेय. तिसरा-चौथा आठवडा म्हणजे तिचं दूध सगळ्यात जास्त असतं आणि तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. तू दोनदा देत असशील तर ते तीन-चारदा कर, तेच स्टार्टर किंवा पपी फूड तिलाही चालतं, सोबत उकडलेलं अंडं (सासूबाई झोपल्यावर). बरगड्या दिसायला लागल्या असतील तर आजच वाढव. आणि हे लक्षात ठेव: ती अचानक अस्वस्थ झाली, धापा टाकतेय, पाय ताठ पडतायत, अंग थरथरतंय, झटके येतायत असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठायचा. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं दूध पाजताना, इंजेक्शनने सुधारते, पण उशीर झाला तर जाते. त्या वेळी पिल्लं तिच्यापासून लांब कर. घरी कॅल्शियमचं टॉनिक मनाने सुरू करू नकोस. सहाव्या आठवड्यानंतर पिल्लं बऱ्यापैकी खायला लागली की तिचं खाणं हळूहळू कमी करत पहिल्यावर आण, म्हणजे दूध आटेल. आणि दूध आटल्यावर तिचं ऑपरेशन करून घे बाई, नाहीतर पुढच्या वर्षी परत तू, परत सेक्रेटरी, परत मीटर रूम.

बारक्या. किचनचा वजनकाटा आहे ना, त्यावर डबा ठेवून सगळ्यांचं वजन कर, रोज एकाच वेळेला, खाण्याआधी, वहीत लिहून ठेव. निम्मा असला तरी रोज थोडं थोडं वाढतंय ना, मग तो नुसता बारका आहे. वजन एक दिवस जागेवर थांबलं आणि दुसऱ्या दिवशी कमी झालं तर तो आजारी आहे, थांबू नकोस. त्याला ताटली वेगळी, बाकीच्यांच्या आधी, आणि राणी पाजायला बसली की त्याला मागच्या आचळांजवळ ठेव, तिथे दूध जास्त असतं आणि दांडगे त्याला ढकलून देत असतात. त्याला आईच्या दुधावरून सगळ्यात शेवटी उतरू दे. पाचही जण सारखे वाढले पाहिजेत असं काही नाही.

जंताच्या औषधाचं तू काहीच लिहिलं नाहीस म्हणजे दिलेलं नसणार. पिल्लांना गोल जंत आईच्या पोटात असतानाच आणि मग दुधातून येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी देतात. तुमचा पहिला डोस चुकलाय, आता देऊन टाक, राणीला पण त्याच दिवशी, वजनावर डोस असतो त्यामुळे ती वहीच घेऊन जा डॉक्टरकडे. खाऊन पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय असं असेल तर ते बाळसं नाही, जंत आहेत. औषधानंतर शीमध्ये शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नकोस. पण बिल्डिंगमधली पोरं पिल्लांशी खेळतात, त्यांचे हात साबणाने धुवायला लाव, हे जंत माणसांना पण त्रास देतात. आणि राणीला रेबीजची लस दिलेली असो वा नसो, पोरांना पिल्लांनी ओरखडलं-चावलं की १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन डॉक्टरकडे, "छोटंसं तर पिल्लू आहे" असं म्हणत घरी बसायचं नाही.

अजून एक, पिल्लं बाहेरचं खायला लागली की राणी त्यांची शी चाटून साफ करणं बंद करते. मग वास येतो, मग सेक्रेटरींचा मेसेज येतो ग्रुपवर. जुने पेपर पसर, दिवसातून तीनदा बदल, झोपायचं गोणपाट एका टोकाला आणि पेपर दुसऱ्या टोकाला, पिल्लं स्वतःच झोपायची जागा सोडून जायला शिकतात. फिनेल पिल्लांच्या जवळ ओतू नकोस, गरम पाणी आणि साबण पुरे, नंतर लादी कोरडी कर.

राहिले काका. दहा दिवसांनी पिल्लू ३६ दिवसांचं होईल, त्या वयात न्यायचं नाही म्हणजे नाही. अजून ते धड कोरडं खात नाही, आईकडून आणि भावंडांकडून शिकायचे हेच दिवस आहेत, आणि एकही लस झालेली नाही. विकायच्या पिल्लांना सुद्धा सरकारच्या २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांत आठ आठवड्यांची अट आहे, मग आपण तर फुकट देतोय, आपल्याला कसली घाई. गणपतीत गर्दीच्या गाडीत दहा-बारा तास, वर गावी पोचल्यावर परत कोणीतरी प्रेमाने दूध-भात घालणार, ते पिल्लू आजारी पडेलच. काकांना नवरात्रात ये म्हणावं, तोपर्यंत आठ आठवडे होऊन गेलेले असतील. सहा आठवड्यांला पहिली पपी डीपीची (डिस्टेंपर आणि पार्वोची) लस, मग आठ आठवड्यांच्या आसपास पुढची, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीज तीन महिन्यांला. म्हणजे गावी गेल्यावरही काकांना दोन-तीनदा तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरकडे जावं लागणार आहे, ते आत्ताच विचारून घे की जाणार का. कां-कू केली तर दुसरं घर शोध, निमित्त नको.

काकांनी नेलंच तर पिल्लासोबत हेच फूड आठवड्याभराचं बांधून दे, एकदम बदललं की परत जुलाब. लसीच्या कार्डाचा आधी फोटो काढून ठेव आणि मग कार्ड काकांच्या हातात दे, काका ते हरवणार.